फिरकीवरची बंदी

लेकीच्या, संस्कृतीच्या वर्षश्राद्धाला वल्लरीला बोलवायचं की नाही, हे युवराजनं शेवटपर्यंत कुणाला स्पष्ट सांगितलं नाही. भाऊबंद, पाव्हणेरावळे, कारखान्यावरची माणसं, सगळ्यांना त्यानं स्वतः फोन केले. बारामतीच्या चुलत्यांचा नंबर आला की मात्र तो फोन खाली ठेवायचा आणि नदीवरची पाण्याची मोटार चालू करायचं निमित्त काढून मळ्याकडं निघून जायचा. शेवटी त्याच्या वडलांनी, गेणबाआबांनीच, नातवाला शेजारी बसवून नंबर लावायला लावला. "रघू," ते धाकट्या भावाला म्हणाले, "समदी या. वल्लरीला बी आण. हे घरचं दुःख हाय, कोर्टातलं न्हाय."

युवराज दारातच उभा होता. त्यानं ऐकलं आणि चपला घालून तो बाहेर पडला.

वल्लरी म्हणजे रघुनाथतात्यांची एकुलती लेक, युवराजची चुलत बहीण. त्याच्याहून पुष्कळ लहान. तिला त्यानं खांद्यावर बसवून नीरेच्या काठानं फिरवलं होतं, तिच्या वकिलीच्या सनदेचे पेढे गावात, बावड्यात, घरोघर त्यानंच वाटले होते. संस्कृतीचा तर आत्यावर जीव. दिवाळी, उन्हाळा, सुट्टी लागली की ती बॅग भरून बारामतीला. आणि आता तीच आत्या मुंबईच्या हायकोर्टात उभी राहून, ज्या ॲपनं संस्कृतीचा जीव घेतला त्यावरची बंदी उठवा म्हणून भांडत होती. निदान युवराज तरी ही गोष्ट अशीच सांगायचा, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून च्‌ च्‌ निघायचं.

झालं होतं ते असं. संस्कृती इंदापूरला कॉलेजात होती, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. फिरकी नावाच्या त्या ॲपवर ती दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ टाकायची. कधी परीक्षेचं, कधी घरातलं, कधी नुसतीच बडबड. कॉलेजची मुलींसाठीची सकाळची गाडी बंद पडली, तेव्हा तिनं फाट्यावर उभं राहून त्यावर एक व्हिडिओ केला. तो तालुकाभर फिरला आणि गाडी पुन्हा सुरू झाली. गाडी सुरू झाली तशी माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा रिकाम्या जाऊ लागल्या. त्यातल्याच एका जीपवाल्याच्या भाच्यानं संस्कृतीचा चेहरा दुसऱ्याच कुणा बाईच्या उघड्या अंगाला चिकटवला आणि ती क्लिप त्याच फिरकीवर सोडली. कंपनीकडं कितीदा तक्रार केली तरी यंत्राचंच उत्तर यायचं, नियमभंग आढळला नाही. क्लिप चावडीपर्यंत पोचली, साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत पोचली. आणि एके सकाळी मळ्यातल्या विहिरीकडं माणसं धावत सुटली.

तेराव्याच्या आतच युवराजनं जेसीबी आणून ती विहीर बुजवली. मग तो फिरकीच्या मागं हात धुऊन लागला. पुणे झालं, मुंबई झाली, दिल्लीही झाली. त्याच्यासारखेच आणखी आईबाप भेटत गेले. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा. आणि गेल्या फाल्गुनात सरकारनं फिरकीवर देशभर बंदी घातली. इंदापुरात लोकांनी युवराजचा सत्कार ठेवला, तेव्हा त्यानं हार घालून घेतला नाही. नारळ तेवढा घेतला. घरी येऊन तो नारळ त्यानं रेश्माच्या हातात दिला आणि म्हणाला, "झालं बघ. पोरीला न्याय मिळाला." रेश्मा नारळ घेऊन आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. तिचं मन भरून आलं असेल, असं त्याला वाटलं.

श्राद्धाच्या दिवशी अंगणात मांडव होता. सकाळी प्रवचन झालं. बुवांनी देह नश्वर असल्याचं सांगितलं, पण ऐकणाऱ्यांचे डोळे फोटोवरच होते. फोटोतली पोरगी हसत होती आणि तिच्या पुढच्या दोन दातांतली फट स्पष्ट दिसत होती. बारा वाजता फुलं टाकायची होती. माणसं हातात झेंडूच्या पाकळ्या घेऊन उभी राहिली, तेवढ्यात रस्त्याला तात्यांची पांढरी गाडी लागली.

तात्या उतरले, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला, ताठ पाठीचा माणूस, पण आज काठी टेकत आला. त्यांच्या मागून वल्लरी. साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. ती सरळ फोटोपाशी गेली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग राजवर्धन पुढं झाला. संस्कृतीचा हा थोरला भाऊ बारामतीला एमआयडीसीत नोकरी करायचा. बंदीच्या मोर्चांत बापाच्या बरोबरीनं चाललेला पोरगा. त्यानं आत्याला खांद्याला धरून उठवलं, स्वतःच्या ओंजळीतली निम्मी फुलं तिच्या हातात दिली आणि तिच्या शेजारीच उभा राहिला.

युवराजनं ते पाहिलं. त्याला वाटलं, पोरगा नुसता रीतीनं वागतोय.

जेवणं उरकली. लांबचे पाव्हणे आपापल्या गाड्यांनी गेले. मांडवात घरचीच माणसं उरली. आबा खुर्चीवर, तात्या त्यांच्या शेजारी, खाली सतरंजीवर युवराज, राजवर्धन आणि सोनबा. सोनबा भाऊबंदातला, बांधाला बांध असलेला. बायकांचा आवाज स्वैपाकघरातून येत होता. वल्लरी आत भांडी आवरू लागत होती. तिला आबांनी हाक मारली.

"बस हितं," आबा म्हणाले. "फाल्गुनापासनं तुमी बहीणभाऊ बोलत न्हाय. आज बोला. माझ्या म्होरं बोला."

"मला काय बोलायचं न्हाय, आबा," युवराज म्हणाला. "तिला बोलायला हायकोर्ट हाय. टीव्ही हाय."

"दादा, तू मला शिव्या दे," वल्लरी खाली बसत म्हणाली. "पण माझं एकदा ऐकून घे. इतके दिवस तू लोकांकडूनच ऐकतोयस."

"मग सांग की. कुणाची वकील हायस तू? त्या कंपनीची?"

"नाही. कंपनीचा एक रुपया मी घेतलेला नाही. सुप्याचं एक जोडपं आहे. दोघंही जन्मापासून मुके-बहिरे. फिरकीवर ते हातवाऱ्यांनी बोलायचे, त्यांच्यासारखी माणसं राज्यभरातून त्यांना बघायची. फॉर्म कसा भरायचा, दवाखान्यात काय सांगायचं, सगळं. एका रात्रीत ते बंद झालं. त्यांनी काय गुन्हा केला होता? ते माझे पक्षकार आहेत."

"त्येंनी दुसरीकडं बोलावं. धा ॲपं हायत."

"तेच उद्या दुसऱ्यावर बंदी आली की तिसरीकडं जा म्हणतील. दादा, बोलायचा हक्क घटनेनं दिलाय. त्याला मर्यादा आहेत, मलाही मान्य आहेत. कुणाची अब्रू घेणं म्हणजे बोलणं नव्हे. ज्यानं ती क्लिप केली त्याला जन्मभर आत ठेवा, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. कंपनीच्या साहेबांना कोर्टात खेचा. क्लिप तासाभरात काढली नाही तर कंपनीचं दिवाळं निघेल असा दंड लावा. पण लाखो माणसांचं तोंड बांधायचं, आणि का बांधलं तो आदेशही दाखवायचा नाही? कोर्टात मी आदेश मागितला तर सरकार म्हणालं, गोपनीय आहे."

युवराजनं सतरंजीची दशी बोटाला गुंडाळली. आवाज न चढवता तो म्हणाला, "तुझ्या कलमात माझी पोरगी कुठं बसती, तेवढं सांग. सतरा अर्ज केलं. त्या मशिनीला माझी भाषा कळली न्हाय. समद्यांना बोलायचा हक्क हाय, तर तिला जगायचा न्हवता?"

वल्लरीच्या बाजूनं तात्याच बोलले. आयुष्यभर वर्गात शिकवलेला माणूस, बोलता बोलता दृष्टांत द्यायची सवय. "युवराज, तुझं दुःख कुणी नाकारत नाही. पण उपाय रोगाच्या मापाचा हवा. अरे, विहिरीत कुणी पडलं म्हणून काय आपण विहिरी बुज—"

शब्द तोंडातच राहिला. स्वैपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

"बुजवली की, तात्या," युवराज म्हणाला. "मी बुजवली."

तात्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मला तसं म्हणायचं नव्हतं रे."

"त्येला ठावं हाय," आबा म्हणाले. ते सोनबाकडं वळले. मग म्हणाले, "पर आता निघालंच हाय म्हून सांगतो. त्या विहिरीत निम्मा हिस्सा सोनबाचा व्हता. त्येला कुणी इचारलं न्हाय."

सोनबा अवघडला. "आबा, ऱ्हाऊ द्या की. आज तो इषय कशाला?"

"सोनबा, तुझा ऊस वाळला का न्हाय?"

"वाळला," सोनबा म्हणाला. त्यानं युवराजकडं बघायचं टाळलं. "त्या टायमाला तुझ्या जागी मी असतो तर मी बी बुजवलीच असती. माझ्या बी कडंवर खेळली ती. तक्रार न्हाय माझी. पर येऊन म्हणला असतास ना युवराज, की सोनबा, मी असं असं करतोय, तर बरं वाटलं असतं. मी न्हाय म्हणलो नसतो."

वर्षभरात सोनबानं हे एकदाही काढलं नव्हतं. बांधावर भेटला की तो तंबाखू पुढं करायचा, पावसापाण्याचं बोलायचा. युवराजला त्याच्या वाळलेल्या फडाची आठवण होती, रोज नजरेसमोरच होता तो. पण तो आपल्यामुळं वाळला, हे त्यानं कधी मनात येऊ दिलं नव्हतं. त्या दिवसांत त्याला काहीच दिसत नव्हतं. सगळ्या गावानंही तेव्हा त्याला काहीच न विचारता करू दिलं होतं. बापाचं दुःख म्हणून.

"चुकलं माझं, सोनबा," तो म्हणाला. मग वल्लरीकडं वळला. "पर विहीर येगळी आन्‌ ह्ये येगळं. बंदी घातली म्हून आज ती घाण कुणाच्या फोनात दिसत न्हाय. माझ्या पोरीचं नाव घिऊन कुणी हसत न्हाय. तू बंदी उठीव. उठली की ती क्लिप परत वर येईल. येईल का न्हाय? खरं सांग."

"येऊ शकते," वल्लरी म्हणाली.

"बास. मला अजून काय इचारायचं न्हाय. पुढल्या महिन्यात मी सरकारच्या बाजूनं कोर्टात कागद देणार हाय. राजू बी सही करणार हाय. आन्‌ ह्येची आई बी."

"मी करणार न्हाय."

रेश्मा स्वैपाकघराच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, हात ओले. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यासमोर बैठकीत कधी बोलली नव्हती. आबांनी मान खाली घातली, तिला बोलायची मोकळीक द्यावी तशी.

"काय म्हणलीस?" युवराज म्हणाला.

"मी सही करणार न्हाय. वल्लरीताईंच्या कागदावर बी करणार न्हाय, आन्‌ तुमच्या बी."

"रेश्मा, आत जा. नंतर बोलू."

"नंतर कवा?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं सांगावं तसा. "माझी पोरगी त्यात व्हती. तिचं समदं बोलणं त्यात व्हतं. तिचा फोन पोलिसांकडं मुद्देमालात. राजूनं मला त्येच्या जुन्या फोनात फिरकी काढून दिलं व्हतं. रोज दुपारी तुमी मळ्यात गेला की मी गोठ्यात बसून बघायची. क्लिप न्हवं, तिचं. ती बोलायची, हसायची. त्यो फोटो काय बोलत न्हाय." तिनं हार घातलेल्या फोटोकडं हात केला. "फाल्गुनात एका दुपारी बसले तर उघडंना. म्हणलं रेंज नसंल. माळवदावर जाऊन बघितलं. सांजच्याला तुमी नारळ घिऊन आला."

युवराजनं राजवर्धनकडं पाहिलं. पोरगा खाली बघत होता.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय, पप्पा."

"आन्‌ मला सांगितलं न्हाय?"

"तुमी फिरकीचं नाव घेतलेलं बी खपवून घेत न्हवता," राजवर्धन म्हणाला. "मम्मी म्हणली, नको सांगू. त्येंचा जीव त्यातच गुतलाय, तेवढं तरी असू दे."

वल्लरी उठून रेश्मापाशी गेली होती. "वहिनी, तुम्ही मला तरी सांगायचं. मी—"

"तुमाला सांगून काय झालं असतं, ताई? तुमी ते कोर्टात सांगितलं असतं." तिच्या शब्दांत राग नव्हता, त्यामुळंच वल्लरी जास्त मागं सरली. "ॲप सुरू झालं तर माझी पोरगी परत दिसंल. तिची बदनामी बी दिसंल. बंद ऱ्हायलं तर दोन्ही न्हाय. मी कुणाच्या बाजूनं बोलू? मला रातभर झोप येत न्हाय इचार करून. आन्‌ तुमी दोगं तिचंच नाव घिऊन भांडताय."

"पर जीव त्या फिरकीनंच घेतला ना तिचा?" युवराज म्हणाला. "का ते बी खोटं?"

बोलावं की नाही याचा रेश्मा विचार करत होती, हे त्याला दिसत होतं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या संसारात ती बहुतेक वेळा न बोलण्याच्या बाजूला गेली होती.

"क्लिप आली त्या रात्री ती तुमच्याम्होरं येऊन उभी ऱ्हायली," ती म्हणाली. "म्हणली, पप्पा, मी एक व्हिडिओ टाकते. समद्यांना सांगते, की ती मी न्हवं. माझा चेहरा चिकटीवलाय. मला दोन मिनटं बोलू द्या. तुमी तिच्या हातातला फोन काढून घेतला. म्हणला, एक शब्द बोलायचा न्हाय. कॉलेजला जायचं न्हाय, दारात उभं ऱ्हायचं न्हाय. चार दिसांनी लोक इसरत्यात. ती चार दिस गपच ऱ्हायली. माझ्याशी बी बोलली न्हाय." रेश्मानं पदरानं हात पुसले. "सरकारनं बंदी नंतर घातली. पैली तुमी घातली."

आबांनी डोळे मिटले. तात्यांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. सोनबा उठला, पण कुठं जावं ते न कळून तिथंच उभा राहिला.

युवराजला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं राग शोधून पाहिला. त्याऐवजी त्याला तो फोन आठवला. गुलाबी कव्हरचा, त्याच्या मुठीत गरम लागलेला. आणि पोरीचा रिकामा, तसाच पुढं राहिलेला हात. त्याला वाटलं होतं, आपण तिला झाकतोय. पदराखाली लेकरू घ्यावं तसं.

"मी तिच्या भल्यासाठीच—" त्यानं सुरुवात केली.

"मला ठावं हाय," रेश्मा म्हणाली. "म्हून तर बोलले न्हाय वरीसभर." आणि ती आत गेली.

उन्हं कलली तशी तात्यांची गाडी निघाली. वल्लरी गाडीत बसता बसता थांबली आणि भावाकडं आली. दोघं मांडवाच्या खांबाशी उभी राहिली.

"दादा, खटला मी सोडणार नाही. तुला खोटं सांगून जाणार नाही."

"सोडू नको."

तिला हे अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "एक करता येईल. तिच्या खात्यातले व्हिडिओ कंपनीकडं मागता येतील. वारस म्हणून बापाला अर्ज करावा लागेल. मिळतीलच असं नाही. कंपनीनं इथलं ऑफिस गुंडाळलंय."

"मी त्या लोकांच्या म्होरं हात पसरू?"

"वहिनींसाठी."

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

अर्ज त्यानं दुसऱ्याच दिवशी इंदापुरात जाऊन केला. ज्या कंपनीच्या नावानं वर्षभर मोर्चे काढले, तिला त्यानं "आपला विश्वासू" म्हणून लिहिलं. वल्लरीनं तो इंग्रजीत करून पुढं पाठवला. कोर्टात द्यायचा कागदही त्याच आठवड्यात तयार झाला. बंदीची मागणी त्यानं मागं घेतली नाही. त्याच्या मनातून ती गेलीच नव्हती. रस्त्यावर मोबाइलमध्ये मान घालून हसणारी पोरं दिसली की अजून तो मान वळवून पुढं जायचा. पण शेवटी त्यानं एक ओळ घालायला लावली. बंदीसाठी मी माझ्या मुलीचं नाव दिलं, तेव्हा तिच्या आईला विचारलं नव्हतं, आणि माझ्या मुलीला स्वतःचा खुलासा करायचा होता, तो मी करू दिला नाही.

त्याचे वकील म्हणाले, "पाटील, ह्या वाक्याचा दोन्ही बाजूंना उपयोग नाही. उलट नुकसानच."

"असू द्या," युवराज म्हणाला. "खरं हाय."

सुनावणी झाली, पुढं गेली, पुन्हा पुढं गेली. सुप्याचं ते जोडपं एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला भेटलं. बाईनं वल्लरीकडून त्याची ओळख समजून घेतली, मग त्याच्यासमोर येऊन छातीवर तळहात ठेवला आणि मान लववली. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं. उत्तर कसं द्यायचं ते येत नव्हतं, म्हणून त्यानंही छातीवर हात ठेवला.

कंपनीचं उत्तर भाद्रपदात आलं. वल्लरी ते घेऊन स्वतः बावड्याला आली, फोनवर सांगितलं नाही. देशातला व्यवसाय बंद झाल्यामुळं इथल्या सर्व वापरकर्त्यांची खाती नियमानुसार कायमची पुसून टाकण्यात आली आहेत. आपल्या दुःखात सहभागी आहोत. यंत्रानं लिहावं तसंच ते लिहिलेलं होतं. बंदी उठली तरी आता संस्कृती त्यात सापडणार नव्हती. ती बदनामीची क्लिपही नाही.

"मी सांगू का वहिनींना?" वल्लरीनं विचारलं.

"न्हाय. मी सांगतो."

रेश्मा गोठ्यात होती. दुपारची ती अजून तिथंच बसायची, हातात फोन नसला तरी. युवराज गव्हाणीच्या कडेला बसला आणि त्यानं सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. गाईच्या पाठीवर तिचा हात फिरत होता, तो थांबला नाही.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

मग युवराज म्हणाला, "मी तिचा एक बी व्हिडिओ बघितला न्हाय. लोक सांगायचे, तुमची पोरगी लई भारी बोलती. मला लाज वाटायची. म्हणायचो, गप बसा." तो तिच्याकडं वळला. "काय बोलायची गं ती?"

रेश्मानं त्याच्याकडं पाहिलं. असं काही तो कधी विचारेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ती सांगू लागली. एकात कॉलेजच्या सरांचं सांगितलंय. एकात आज्याला विचारलंय, की आबा, तुमचं लग्न झालं तेव्हा आज्जीला बघितलं होतं का. आणि आबा नुसतेच लाजलेत. एकात पावसात भिजलेली कोंबडी. सांगता सांगता तिचा आवाज हलका होत गेला, बोलायची ढब पोरीसारखी होत गेली. शब्दांच्या शेवटी येणारा तो छोटा हेल, जो घरात वर्षभर कुणी ऐकला नव्हता.

"आन्‌ एकात तुमची नक्कल हाय," ती म्हणाली.

"माझी?"

"तुमी मोटारीच्या मेस्त्रीला फोन करताय, ती. लई लोकांनी बघितली व्हती. तुमाला कळू नये म्हून मी तिला वरडले व्हते."

"करून दाव की."

"मला न्हाय येत."

"दाव."

रेश्मानं एकदा दाराकडं पाहिलं. मग कानाशी हात नेला, खांदे वर केले, आणि संस्कृती जशी युवराज व्हायची तशी झाली. "काय वो मेस्त्री, मोटार दुरुस्तीला दिलीया का नांदायला? सांगावा कवा येतोया तिचा? का आता बाळंतपण करूनच लावून देताय?"

युवराज हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि त्यानं ते दोन्ही हातांनी झाकलं. रेश्मा थांबली.

"थांबू नको," तो हातांच्या आडूनच म्हणाला. "पुढं काय म्हणली ती? सांग. मी मधी बोलत न्हाय."